न कापलेला माळ

माझ्या अंगावर दोन डाग आहेत. एक बेंबीच्या वर, बटणाएवढा. मी चार वर्षांचा असताना पोट फुगलं म्हणून आमच्या वाडीतल्या धोंडूतात्यांनी तापलेल्या सळईच्या टोकाने तो दिला. दुसरा उजव्या काखेत. तो गेल्या कार्तिकात गवतातल्या एका किड्याने दिला. तो किडा इतका लहान असतो की डोळ्यांना दिसत नाही.

पहिला डाग मी आयुष्यभर लपवला. दुसरा मला डॉक्टरांनी दाखवला. या दोन डागांची मी गल्लत केली आणि त्या गल्लतीत माझी वहिनी गेली. निदान मी तरी तसंच मानतो.

मी बिरवाडीतल्या एका हायस्कूलमध्ये लिपिक आहे. दाखले आणि हजेरीपत्रकं यांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. आजारपणात लोक धीराचं वाचायला मागतात. माझ्याकडे धीराचं फारसं नाही. पण पावसाळा संपल्यावर ज्यांच्या घरात कोणी गवतात उतरतं आणि मग कोणाला ताप येतो, त्यांनी हे वाचावं.

*

आमचं मूळ घर पोलादपूरच्या वर आहे. आंबेनळीच्या रस्त्यावर गाडी सोडून तासभर चढायचं, मग आमची वाडी. सतरा घरं. माझा मोठा भाऊ, दादा, तिथेच राहतो. खाली थोडी भातशेती, वर माळ, गोठ्यात चार जनावरं.

माळ म्हणजे नुसतं गवत. दिवाळीच्या आसपास ते कापायचं, वाळवायचं, पेंढ्या बांधायच्या आणि घराजवळ उडवी रचायची. पुढच्या पावसापर्यंत जनावरं त्यावर जगतात. हे काम एका घराच्याने होत नाही. म्हणून आज सगळ्यांनी एकाच्या माळावर जायचं, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कोणी घेत नाही. ज्याचा माळ त्याने दुपारची भाकरी द्यायची, एवढंच. एखाद्याच्या माळावर जायचं नाही असं वाडीने मनात घेतलं, तर त्याचं गवत उभ्याने वाळतं. हे पुढे लागणार आहे, म्हणून आधीच सांगतो.

मी दरवर्षी पाच दिवसांची रजा टाकून कापणीला जातो. खरं तर कापण्यापेक्षा जेवतोच जास्त. गेल्या वर्षी गेलो तेव्हा दादाची बायको, सुमनवहिनी, डोक्याला पदर आवळून बांधून कापत होत्या. तीन दिवस कणकण होती म्हणाल्या.

"वायरल असेल," मी म्हणालो आणि बॅगेतली तापाच्या गोळ्यांची पाकिटं काढून दिली. मला कोणी विचारलं नव्हतं. पण वाडीत मी शिकलेला.

त्या दिवशी मी बांधलेली पेंढी वहिनींनी सोडली आणि त्यातून मूठभर काड्या उपसून बाजूला टाकल्या.

"भावजी, ही कुसळी हाय. ही यगळी ठेवा. गुरांच्या जिबंला टोचतं तिचं कुसळ."

"गवत ते गवत, वहिनी."

"मंग तुमच्या हापिसात कागुद ते कागुद नाय का? घाला सगळे येकाच फायलीत."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मग दिवसभर वहिनी मला शिकवत होत्या. हा मारवेल, याची काडी चघळून बघा, गोड लागते. हा पवन्या, गाय हा आधी खाते. ही तिखाडी, हिचा वास घ्या, हिला गुरं तोंड लावत नाहीत. ओलाव्याला होता तो लव्हा. खाली पसरलेली हरळी तर मलाही माहीत होती. मधे मधे कवल्याची पिवळी फुलं, आभाळीची निळी, कुर्डूचे पांढरे तुरे. काहींना वाडीत नावं नव्हती, तर त्यांनी स्वतःच ठेवली होती. रेशमासारखा तुरा असलेल्या एका गवताला त्या 'म्हातारी' म्हणायच्या. भातासारखं दिसून भाताच्या खाचरात घुसणाऱ्या एकाला 'चोर'.

"अकरा झाली," मी संध्याकाळी मोजून सांगितलं.

"आजून लय हायत. उद्या सांगते. आज डोस्कं लय ठणकतंय."

दुसऱ्या दिवशी त्या माळावर आल्या नाहीत.

*

वहिनींनी ताप आठव्या दिवसापर्यंत अंगावर काढला. त्यातले पाच दिवस मी तिथे होतो. रोज सकाळी पाकीट उघडून गोळी देत होतो, ताप दोन तास उतरला की दादाला म्हणत होतो, बघ, उतरला. आठव्या दिवशी त्या असंबद्ध बोलायला लागल्या. गाय सुटली, गाय सुटली, म्हणून उठायला बघत होत्या. गाय गोठ्यात होती.

खुर्चीला दोन वासे बांधले आणि चौघांनी त्यांना खाली रस्त्यावर आणलं. जीपमध्ये घालताना मी पाठीमागून धरलं होतं. पदर सरकला. ब्लाउज आणि लुगडं यांच्या मधे, कमरेच्या जरा वर, मला तो दिसला. काळा, खपली धरलेला, भोवती लाल कडा. बटणाएवढा.

मला तो डाग ओळखीचा वाटला. बेचाळीस वर्षं मी आरशात तसा एक पाहत आलोय.

जीप सुरू झाल्यावर मी दादाला हळूच विचारलं, "तात्यांकडं नेली होतीस?"

"कशाला?"

"डाग द्यायला."

"नाय रे."

"खरं सांग. मी काही बोलणार नाही."

"नाय नेली, म्हनून सांगतोय ना," दादा म्हणाला आणि पुन्हा वहिनींच्या तोंडाकडे बघत बसला.

माझा विश्वास बसला नाही. मला राग आला होता, आणि त्या रागाखाली लाज होती. आता आपण महाडला जाणार. तिथले डॉक्टर हा डाग बघणार. मग माझ्याकडे बघणार, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे, आणि म्हणणार, अजून तुमच्याकडे हे चालतं? असं मला एकदा ऐकावं लागलं होतं. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत शर्ट काढल्यावर तिथला माणूस हसला होता. तेव्हापासून मी डॉक्टरसमोर बनियन काढत नाही.

महाडच्या दवाखान्यात त्या दिवशी तापाचेच रोगी होते, बाकांवर, जमिनीवर. ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीण होती, सकाळपासून उभी असावी. तिने वहिनींना उताणं झोपवलं, सलाईन लावलं, डोळे बघितले, पोट दाबलं. मग विचारलं, "अंगावर कुठे काळा डाग, खपली, काही चावल्याची खूण आहे?"

दादा माझ्याकडे बघत होता. अशा ठिकाणी बोलणारा मी.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

तिने लिहून घेतलं.

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनात म्हटलं, सांगता येणार नाही. त्या डॉक्टरांचा दोष मी काढणार नाही. त्यांनी विचारलं होतं. त्यांना वाटलं, घरच्या शिकलेल्या माणसाला माहीत असेल.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा श्वास बिघडला. मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये पुढे मी, मागे दादा. पनवेल यायच्या आत त्यांनी प्राण सोडला. मागच्या काचेवर दादाने बोटाने टकटक केली. चालकाला थांब सांगण्याची त्याची तीच रीत, एसटीतही तो तसंच करतो. मला कळलं.

*

तेराव्याला वाडी जमली होती. माझं डोकं सकाळपासून दुखत होतं. मला वाटलं रडून दुखतंय. जेवणं झाल्यावर अंगणात माणसं बसली होती, धोंडूतात्याही एका बाजूला बसले होते. ऐंशीच्या आसपासचे, वाकलेले. हात अजून मोठे.

कोणीतरी म्हणालं, काय झालं कळलं नाय, चांगली होती. आणि मी बोललो.

"कळलं नाही कसं? मी डोळ्यांनी बघितलाय डाग. कमरेवर. ताप अंगात असताना डागली, ते विष भिनलं."

सगळे तात्यांकडे बघायला लागले.

तात्या म्हणाले, "मी नाय डागली सुमनला. सा-सात वरसं झाली, सळई धरली नाय मी. हात कापतो."

"मग कोणी डागली?" मी म्हणालो. "या वाडीत दुसरं कोण डागतं?"

त्यांनी हात पुढे केला. कापत होता खरा. पण मी बघायच्या मनःस्थितीत नव्हतो. दादा भिंतीला टेकून बसला होता, खाली मान घालून. त्याने माझं बोलणं खोडलं नाही. मला वाटलं, त्याला माहीत आहे, म्हणून गप्प आहे.

तात्या काठी घेऊन उठले आणि गेले. त्यांचा माळ कापायचा राहिला होता. पुढच्या आठवड्यात त्यांची पाळी होती.

*

दुसऱ्या दिवशी बिरवाडीला आलो आणि मला थंडी वाजून आली. आधी मीच मला गोळ्या दिल्या. सवय. चौथ्या दिवशी माझी बायको शैला म्हणाली, "आता तुमची डॉक्टरकी पुरे," आणि रिक्षा बोलावून मला महाडला घेऊन गेली.

तोच दवाखाना, तीच डॉक्टरीण. तिने मला ओळखलं नाही. रोज शंभर माणसं बघणारीने का ओळखावं? तिने डोळे बघितले, पोट दाबलं आणि विचारलं, "अंगावर कुठे काळा डाग, खपली, काही चावल्याची खूण आहे?"

प्रश्न तोच. शब्दही तेच.

"नाही, काही नाही," मी म्हणालो. हे मात्र मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच माहीत नव्हतं.

"शर्ट काढा."

"कशाला?"

"काका, काढा. बनियनसुद्धा."

शैलाने काढला. डॉक्टरांनी पोटावरचा जुना डाग बघितला आणि काहीही न बोलता पुढे गेल्या. ज्याला मी इतकी वर्षं भ्यालो तो क्षण एवढाच होता. मग त्यांनी माझा उजवा हात वर केला आणि थांबल्या. "सिस्टर, इकडे या. हे बघून ठेवा. असा असतो." त्यांच्या आवाजात थकवा कमी झाला होता. हवी ती वस्तू सापडल्यावर होतो तसा. त्यांनी शैलाच्या फोनवर फोटो काढून मला दाखवला.

काळी खपली, भोवती लाल कडा. बटणाएवढी.

"हे काय आहे?" शैलाने विचारलं.

"गवतातला एक बारीक किडा चावतो. त्याची खूण. स्क्रब टायफस म्हणतात. लवकर सापडला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. काका, गवत कापायला गेला होतात का?"

मला एवढंच कळत होतं की मला कोणी डागलेलं नाही.

*

सात दिवस वॉर्डात होतो. पहिल्या तीन दिवसांचं फारसं आठवत नाही. तापात पेंढ्या बांधत होतो, आणि प्रत्येक पेंढी कोणीतरी सोडत होतं.

नंतरचं आठवतं. सकाळी सहाला झाडू, सातला चहा, आठला थर्मामीटर. मग गोळ्या. त्या गोळ्या मी हातात घेऊन बघत बसायचो. एवढ्याशा. सिस्टर म्हणायची, "बघताय काय, गिळा."

शेजारच्या खाटेवर वीर स्टेशनला रिक्षा चालवणारा एक माणूस होता, पाय मोडलेला. त्याला गप्प बसवत नसे. "काय साहेब, तुमाला किड्यानं चावला म्हनं? आमाला तर टेम्पोनं चावला." मी हसलो नाही की म्हणायचा, "हसा वो, हसायला पैसं नाय लागत." एके दिवशी त्याने माझ्या वाटणीचं केळं सोलून माझ्या हातात दिलं, कारण माझ्या बोटांना जोर नव्हता. पुढे मी त्याला फोन करायचं म्हणत राहिलो, केला नाही.

माझ्या खाटेला लागून खिडकी होती. मागे मोकळा प्लॉट, त्यात पडलेल्या विटा आणि गवत. ताप उतरल्यावर दिवसभर तेच समोर. पहिल्या दिवशी ते मला नुसतं गवत दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यात तीन प्रकार दिसले. एकाची काडी सरळ होती, दुसऱ्याची प्रत्येक पेराला वाकलेली, तिसरं जमिनीला धरून होतं. तिसऱ्या दिवशी विटांच्या कडेला एक रेशमी तुरा वाऱ्याने हलताना दिसला. म्हातारी. नाव ठेवणारी बाई गेली होती आणि ते नाव माझ्या तोंडात तसंच राहिलं होतं.

मी भिंतीकडे तोंड केलं.

*

घरी आल्यावर शैलाला सगळं सांगितलं. जीपमध्ये काय बघितलं, डॉक्टरांना काय म्हणालो. ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत, पण बराच वेळ ती एकच जुडी निवडत राहिली.

"दादांना सांगू नका," ती म्हणाली.

"का?"

"सांगून वहिनी येणार आहेत का? तुम्हाला हलकं वाटेल. आणि त्यांना?"

तिचं चूक नव्हतं. मी कबुली देतोय ती कोणासाठी, हे मला आजही पुरतं सांगता येत नाही.

तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. नाव न सांगता. एका पेशंटला असा डाग होता, तो सांगितला गेला नाही, सांगितला असता तर?

"ताप किती दिवसांचा होता?"

"आठ."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्यांना कळलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित."

लोक म्हणतात, या शब्दात आशा असते. माझ्या वाट्याला त्याचं दुसरं टोक आलं.

मला गवताची भीतीही बसली होती. शाळेच्या मैदानाच्या कडेने मी पायवाट सोडत नसे. डॉक्टर म्हणाल्या, भिऊ नका, पूर्ण कपडे घाला, आल्यावर अंघोळ करा, कपडे धुवायला टाका, आणि अंग तपासा. पाठ दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. आपली पाठ आपल्याला दिसत नाही.

जानेवारीत पोलादपूरला वाडीतला एकजण भेटला. त्याने सहज सांगितलं, "तात्यांचा माळ तसाच उभा हाय. कोन गेला नाय. म्हस इकली त्यांनी, गाय पन बाजार दाखवनार म्हनत्यात."

त्याच रविवारी मी वर गेलो.

*

दादा अंगणात दोरी वळत होता. सुमनवहिनींच्या हाताने सारवलेलं अंगण आता पोपडे धरून होतं.

"बरा झालास?"

"झालो."

"पानी पी."

मी पाणी प्यायलो नाही. उभ्यानेच शर्ट काढला, हात वर केला आणि काखेतला डाग दाखवला. आता त्याची नुसती काळपट खूण उरली होती. मग सगळं सांगितलं. जीप, डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर, लाज. लाज हा शब्द मी दोनदा उच्चारला.

दादाच्या मांडीवरची दोरी हळूहळू उलगडत गेली. त्याने ती धरली नाही.

"मी सांगितलेलं तुला," तो म्हणाला. "जीपमधी. नाय नेली म्हनून."

"हो."

"तू मानला नायस."

"नाही."

कोंबडी आली, दोरीच्या टोकाला चोच मारून गेली.

"तू तेराव्याला बोललास," तो म्हणाला, "तवा मला वाटलं, मी शेतावर असताना तीच गेली आसंल तात्याकडं. माज्यापासून लपवून. तू शिकलेला, डोळ्यानं बघितलंस म्हनालास. मी म्हनलं, खरंच आसंल." त्याने तोंडावरून हात फिरवला. "दोन महिने राग धरलाय मी तिच्यावर, विजू. मला इचारल्याबिगर का गेली म्हनून. तिच्या फोटूला हार पन घातला नाय."

शैलाला जे भय होतं त्याहून हे वेगळं होतं. मी वहिनींना एकदाच मारलं नव्हतं.

दादा उठला, घरात गेला. मला वाटलं, दार लावून घेईल. तो दोन विळे घेऊन बाहेर आला. एक माझ्या पायाशी टाकला.

"चल."

*

तात्या घराच्या पडवीत बसले होते. मी वाकून पाया पडलो, त्यांनी पाय मागे घेतले. मी त्यांनाही हात वर करून दाखवला आणि सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवलं, काखेतल्या खुणेवर अंगठा फिरवला. मग माझं बनियन वर करून पोटावरचा त्यांनी दिलेला डाग बघितला.

"ह्यो माजा. ह्याला कड नाय, आत दबलाय. सळई दाबून उचलायची असती," ते म्हणाले. "तो माजा नाय. सुमनचा मला दावला असतास, तर मी बघून सांगितलं असतं."

चार पावलांवर राहणारा माणूस. त्याला दाखवायचं कोणाच्या मनात आलं नाही.

"वाडीला सांगतो मी," मी म्हणालो. "घरोघर जाऊन."

"सांग. म्हस नाय यायची आता." मग दादाच्या हातातला विळा बघून म्हणाले, "आता काय कापताय? काड्या झाल्या सगळ्या. गाय सुदिक नाय खायाची."

"पाळी राह्यलीय," दादा म्हणाला.

आम्ही माळावर गेलो. तात्याही काठी टेकत मागून आले.

सगळ्या वाडीचे माळ कापून स्वच्छ, फिकट पडलेले होते. तेवढा एक उभा. दुरून तांबूस, जवळून कितीतरी रंगांचा. कापलेल्या माळावर जे कधी दिसत नाही, ते इथे झालं होतं: प्रत्येक गवत पिकून बियांवर आलं होतं. कुसळीची कुसळं एकमेकांत पिळून दोरखंडासारखी झाली होती. पवन्याचे दाणे गळून रिकामे कोंडे राहिले होते. मारवेल आडवा पडला होता. तिखाडी चुरगाळली, वास अजून होता. कुर्डूचे तुरे कागदासारखे वाजत होते. मला भीती वाटत होती आणि मी बघत होतो. कडेकडेने फिरत मी एकेक काडी उपटली. माझ्या हातात दहा झाली. अकरावं आठवेना. तात्यांना दाखवली, त्यांनी सात ओळखली. दादाने चार.

"हे कुठलं?" मी एक काडी पुढे करून विचारलं.

"तिला म्हाइत," दादा म्हणाला.

आम्ही कापायला लागलो. त्या गवताचा कोणालाही उपयोग नव्हता. थोड्या वेळाने वरच्या घरातला माणूस काय चाललंय बघायला आला. दादाने त्याला थोडक्यात सांगितलं, माझ्यासमोर, माझं नाव घेऊन. तो माझ्याकडे बघून थुंकला आणि विळा आणायला गेला. ऊन कलेपर्यंत आम्ही आठजण होतो. माझ्याशी कोणी बोललं नाही. तात्यांनी भाकरी दिली, ती मात्र मला सगळ्यांसारखीच मिळाली.

*

खाली आलो तेव्हा अजून चांगला उजेड होता. मी दादाला डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं: अंघोळ, कपडे, अंग तपासणं. पाठ दुसऱ्याने.

तो न्हाणीत जाऊन अंघोळ करून आला. उघडाच. अंगणात उभा राहिला आणि माझ्याकडे पाठ केली.

"बग."

मी जवळ गेलो. दादाची पाठ मी लहानपणानंतर बघितली नव्हती. खांद्यावर भाऱ्यांचे घट्टे, मणक्याशी एक जुना व्रण, कमरेला करदोट्याची रेघ. मी मानेपासून सुरुवात केली. केसांच्या खालून, कानामागून, काखा, बरगड्या. करदोटा सरकवून त्याच्या खाली बघितलं. वहिनींचा जिथे होता तिथे बघितलं.

"काही नाही," मी म्हणालो.

तो हलला नाही.

"नीट बग," तो म्हणाला.

मी परत मानेपासून सुरुवात केली.